फेफऱ्यावरची फिल्म घेऊन भोर-वेल्ह्यात

पुण्यातून शिवरे म्हणजे जेमतेम तासाभराचा रस्ता. तेवढ्या प्रवासाला माझ्याइतकं घाबरून कुणी निघालं नसेल.

मी विद्यापीठात मेंदूवर संशोधन करते. माणसाला फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशी नेमकं काय करतात, हा माझा विषय. ऐकायला मोठं वाटतं, पण माझं सगळं काम उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांवर आणि संगणकाच्या आलेखांवर चालतं. सहा वर्षांत माझी बोलणी झाली ती बहुतेक याच विषयातल्या लोकांशी. मग विभागात ठरलं की आपल्याला जे कळलंय ते गावोगावच्या लोकांपर्यंत न्यायचं, आणि भाषण नको, फिल्म करू. सारंग नावाच्या फिल्म करणाऱ्या मित्रानं ती केली. वीस-बावीस मिनिटांची. त्यातलं निवेदन माझ्या आवाजात आहे. तीन दिवसांत तीन गावं घ्यायची, फिल्म दाखवायची, लोकांशी बोलायचं, असा बेत होता.

फिल्म बंद केल्यावर जे बोलायचं त्याचीच मला भीती होती. मी अकोल्याकडची. आमच्याकडे फेफऱ्याचं नाव घरात मोठ्यानं घेत नाहीत. इथं अनोळखी गावात जाऊन ते स्पीकरवरून घ्यायचं होतं.

शिवरे

हमीदभाई आमच्या आधीच येऊन थांबले होते. ते भोरचे. मंडप, स्पीकर, पडदा भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा आणि टेम्पोही त्यांचाच. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. पडद्याची दोरी ओढून बांधताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, पानी प्या. तोंड उतरलंय तुमचं."

हॉल हायवेला लागूनच. वर पत्रे, खिडक्यांना पडदे नाहीत. दुपारचं ऊन थेट आत येत होतं आणि दर मिनिटाला एक ट्रक जात होता. तीसेक माणसं आली. बायका एका बाजूला, शेतावरून आलेले पुरुष दाराशी, आणि सगळ्यात पुढे पंक्चर काढणारा एक उंच माणूस, हात काळे तसेच. ऊन इतकं की पडद्यावरचं चित्र धुतल्यासारखं फिकं दिसत होतं.

फिल्मच्या चौथ्या मिनिटाला एक प्रसंग आहे. फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशी एकाच वेळी पेटतात आणि विझतात, ते दाखवणारी हलती चित्रं. सारंगनं पहिल्यांदा ती केली तेव्हा सबंध पडदा काळा-पांढरा, काळा-पांढरा असा झपाट्यानं लुकलुकत होता. आमची फिल्म तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते बघताच सांगितलं होतं, हे काढा. काही थोड्या लोकांना अशा लुकलुकण्यानंच फिट येते. सारंगनं ते काढून तिथं सावकाश उमलणारे ठिपके टाकले होते.

शिवऱ्याला तो भाग आला आणि मला वाटलं, हे ठिपके नाहीत. चित्र फिकं होतं, एक ट्रक गेला, आठ-दहा सेकंदांत ते संपलंही. मी वळून सारंगकडे पाहिलं, तो पडद्याऐवजी लोकांचे चेहरे बघत होता.

फिल्म संपल्यावर पंक्चरवाल्यानं विचारलं, "मॅडम, ह्ये समदं उंदराचं हाय. मानसाचं कुठाय?" लोक हसले, मीही हसले आणि काहीतरी उत्तर दिलं. नंतर दोन बायका जवळ येऊन हळू आवाजात बोलून गेल्या. सारंगचा चेहरा फुलला होता. पलीकडच्या टपरीवर आम्ही कांदाभजी खाल्ली, चहा प्यायलो. मला विचारायचं होतं, सारंग, पेन ड्राइव्हवर कुठली फिल्म आहे? विचारलं असतं आणि माझी शंका खरी निघाली असती, तर तिथंच सगळं थांबवावं लागलं असतं. मी स्वतःला समजावलं की प्रोजेक्टर जुना आहे, उजेडामुळं तसं दिसलं असेल. मी विचारलं नाही. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

मार्गासनी

दुसऱ्या दिवशी सकाळी हायवे सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. भात काढून झालं होतं. मोकळ्या खाचरांत पेंढ्याच्या उडव्या, बांधावर पावट्याचे वेल आणि नदीवरून उठणारं धुकं. राजगडाचा माथा उन्हात आला होता, पायथा अजून सावलीत होता. थंडी आमच्याकडे असते तशी कोरडी नव्हती, ओलसर होती आणि अंगात शिरत होती. टेम्पोत मी हमीदभाईंच्या शेजारी बसले होते. दर वळणावर माझ्या मनात तो एकच प्रश्न येत होता आणि मी तो दाबत होते.

शाळेत हेडमास्तरांनी नववी-दहावीची मुलं आणि त्यांच्या आया मोठ्या वर्गात बसवल्या होत्या. बाजूच्या शेडमध्ये पोषण आहाराची खिचडी शिजत होती, तिचा वास वर्गापर्यंत येत होता. हमीदभाईंनी कालच्या उजेडाचा धडा घेतला होता. त्यांनी बाहेरून खिडक्यांवर ताडपत्र्या बांधल्या. दार लोटलं तसा वर्गात गच्च अंधार झाला आणि पडदा असा लख्ख उजळला की मुलांनी "आरं" म्हणून आ वासला.

चौथं मिनिट आलं. ठिपके आले नाहीत. सगळा वर्ग काळा-पांढरा व्हायला लागला. पुढच्या रांगेतले चेहरे दिसत होते, विझत होते, दिसत होते. सारंग माझ्याकडे वळला. त्याला त्या क्षणी कळलं की त्यानं जुनी फिल्म आणलीय. तो लॅपटॉपकडे धावला.

तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला एक मुलगी बसली होती. लाल रिबिनीच्या दोन वेण्या. तिचा उजवा हात एकदा उडाला, मग दोन्ही हात, आणि तोंडातून एक विचित्र आवाज येऊन ती बाकावरून सरळ फरशीवर आली.

मी सहा वर्षं फिटवर काम करत होते आणि माणसाला आलेली फिट मी त्या क्षणापर्यंत डोळ्यांनी पाहिली नव्हती.

माझे पाय हलेनात. हे अतिशयोक्तीनं लिहीत नाही. मला तिच्यापर्यंत चार पावलं टाकायची होती आणि ती टाकता येत नव्हती. पोरं किंचाळत बाकांवर चढली. सारंगची बोटं घाबरून भलत्याच ठिकाणी पडली असावीत, कारण फिल्म थांबायच्या ऐवजी पुढे सरकली आणि स्पीकरवरून माझाच आवाज, शांत, समजूतदार, वर्गभर घुमला. "घाबरू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका. घड्याळाकडे बघा."

हमीदभाईंनी ते ऐकलं आणि केलं. त्यांनी बाक उचलून मागे फेकला, गळ्यातला मफलर काढून मुलीच्या डोक्याखाली सारला आणि माझ्याकडे बघून ओरडले, "मॅडम, घड्याळ."

तेव्हा माझे पाय सुटले. मी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले. दार उघडलं, उजेड आला आणि उजेडाबरोबर तिची आई आली. शेडमध्ये खिचडी करणाऱ्या कमलताई त्याच. हातात उलथनं तसंच होतं. लेकीकडे बघून त्या क्षणभर थिजल्या आणि मग खाली बसून उलथन्याचा दांडा तिच्या दातांत सारायला लागल्या.

मी त्यांचं मनगट धरलं.

"सोडा मला. जीब तुटंल पोरीची."

"ताई, नका घालू. दात मोडतील, श्वास अडकेल. असंच राहू द्या."

"तुमी कोन सांगनाऱ्या? सोडा म्हन्ते ना."

त्यांच्या हाताला जोर होता. रोज शंभरेक मुलांची खिचडी हलवणारा हात. मी दोन्ही हातांनी धरून ठेवला. कुणीतरी हुंगवायला कांदा फोडून आणला, कुणी चप्पल पुढे केली. हमीदभाई आडवे हात पसरून सगळ्यांना मागे सारत होते. मुलीचे ओठ निळसर पडले होते. घड्याळात दोन मिनिटं झाली होती. अडीच. आतापर्यंत फिट म्हणजे माझ्यासाठी कागदावरची वर-खाली जाणारी रेघ होती. त्या रेघेला असा आवाज असतो, फरशीवर टाचा अशा आपटतात, हे मला ठाऊक नव्हतं. पाच मिनिटांच्या वर गेली तर जिवाला धोका असतो हे मात्र नीट ठाऊक होतं आणि जवळ कुठलंही औषध नव्हतं.

साडेतीन मिनिटांच्या सुमाराला झटक्यांमधलं अंतर वाढत गेलं आणि ते थांबले. मी तिला कुशीवर वळवलं. तोंडातून फेस ओघळला, एक लांब घोरल्यासारखा श्वास आला. मी कमलताईंचा हात सोडला. त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले होते.

वेल्हे

मुलीचं नाव प्रतीक्षा, दहावीत. टेम्पोच्या मागच्या भागात पडद्याच्या गुंडाळीवर तिला निजवलं आणि वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्याकडे निघालो. सारंग शाळेतच थांबला. पोरांना असं सोडून कसं जायचं, असं तो म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

रस्ता थोडाच होता, पण मला तो संपेना. कमलताई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. समोर तोरणा मोठा होत होता. कुठल्याही दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे बघत राहिले असते. त्या दिवशी मी फक्त मुलीच्या छातीकडे बघत होते, वर जातेय का, खाली येतेय का.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासलं, सलाईन लावलं आणि विचारलं, "नेमकं काय झालं होतं? काय करत होती ती?"

इथं मला गप्प राहता आलं असतं. अंधार होता, गर्दी होती, पोरगी सकाळपासून उपाशी होती, असं काहीही चाललं असतं. मी सांगितलं. लुकलुकणारं चित्र, जुनी फिल्म, सगळं. बाजूला स्टुलावर कमलताई ऐकत होत्या.

"म्हंजी तुमच्या पिच्चरमुळं झालं?" त्या सावकाश म्हणाल्या.

"हो."

"तुमाला ठावं हुतं?"

"काल शिवऱ्याला मला शंका आली होती. मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं."

त्या लेकीच्या पायांवरचं पांघरूण सारखं करू लागल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आई, याआधी कधी झालं होतं?"

"कदी न्हाई."

"सकाळी उठल्या उठल्या हात उडतो का तिचा? हातातून वस्तू पडतात?"

कमलताईंनी पदर तोंडाला लावला. उत्तर पलंगावरून आलं. प्रतीक्षा जागी झाली होती, जीभ जड होती. "कप पडत्यात. चार महिनं झालं. आई म्हन्ती धांदरट हाय म्हनून."

"म्या मारलं हिला," कमलताई म्हणाल्या. "दोन येळा. नवा कप फोडला म्हनून."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पोरीला हा आजार आधीपासून असावा, सकाळचे ते झटके त्याचंच लक्षण. आज नाही तर आणखी काही दिवसांनी मोठी फिट आलीच असती. पुण्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, औषधानं बहुतेकांना चांगला गुण येतो. तोवर एकटं पाण्यात उतरू देऊ नका, चुलीपाशी एकटं बसवू नका.

पाणी म्हटल्यावर कमलताईंनी मान वर केली. "ही रोज नदीवर जाती," त्या म्हणाल्या. "धुनं घेऊन. येकलीच. कमरंएवढ्या पान्यात उभी ऱ्हाती." आणि मग त्या थरथरायला लागल्या. वर्गात त्या थरथरल्या नव्हत्या. मी जवळ गेले, पण हात लावायचं धाडस झालं नाही.

निघताना त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "मला पुन्यातलं कायबी ठावं न्हाई. कुठं जायाचं, कुनाला भेटायचं. तुमी येशीला संगं." त्या विचारत नव्हत्या, सांगत होत्या.

पुढचं इथंच सांगून टाकते. मी गेले. दोन खेपा झाल्या. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या आणि हे लिहीपर्यंत प्रतीक्षाला पुन्हा मोठी फिट आलेली नाही. तिला पोलीसभरतीची तयारी करायची होती, आता ते अवघड दिसतं, म्हणून ती माझ्यावर रागावून आहे. तपासणीच्या रांगेत तिनं मला विचारलं, "तुमी आलाच नसता तर?" मी उत्तर द्यायला गेले तर कमलताईंनीच तिला गप्प केलं. विभागात मी सगळं लेखी कळवलं. त्यावर जे ऐकून घ्यायचं होतं ते मी आणि सारंगनं मिळून ऐकून घेतलं.

भाटघर

त्या संध्याकाळी शाळेतून सारंगला घेऊन आम्ही भोरला हमीदभाईंच्या घरी उतरलो. त्यांच्या घरच्यांनी तांदळाची भाकरी आणि रस्सा वाढला. आमच्याकडे पाहुण्याला पहिल्या भाकरीनंतर विचारतात. इथं विचारलंच नाही, ताटात दुसरी पडली. माझी पहिलीच संपली नव्हती. सारंग म्हणाला, उद्याचं रद्द करूया. मीही तेच म्हणणार होते.

हमीदभाई हात धुऊन आले. म्हणाले, "रद करा. पन मंग भाटघरच्या मानसांला काय सांगू? मार्गासनीची बातमी कवाच पोचली असंल. पिच्चर बगून पोरगी पडली, येवडंच कळंल त्यांना. म्होरलं कोन सांगनार?"

सारंगनं तिथंच बसून तो अख्खा भाग कापून टाकला. त्या जागी एक स्थिर चित्र ठेवलं. मग आम्ही तिघांनी फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनदा पाहिली.

सकाळी भाटघर धरणाच्या भिंतीखालून गावात गेलो. समाजमंदिरात माणसं आधीच जमली होती, शिवऱ्यापेक्षा जास्त, आणि ती फिल्म बघायला आलेली नव्हती. ती आम्हाला बघायला आलेली होती. कुणी नमस्कार केला नाही. मी खिडक्या उघड्याच ठेवायला सांगितल्या आणि फिल्म लावायच्या आधी उभी राहिले.

"काल मार्गासनीत आमच्या फिल्ममुळं एका मुलीला फिट आली," मी म्हणाले. "चूक आमची होती. ती मुलगी आता बरी आहे. जो भाग वाईट होता तो आम्ही काढून टाकलाय. तरीही कुणाला थांबायचं नसेल तर जरूर जावं."

एक बाई दोन पोरांना घेऊन उठली. तिच्यामागून आणखी चार-पाच जण गेले. मला वाटलं, आता सगळेच उठणार. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "लावा. बगू तरी काय हाय."

फिल्म झाली. मी बावीस मिनिटं पडद्याकडे पाठ करून उभी होते. एकेक चेहरा बघत होते, कुणाचा हात उडतोय का, कुणाची नजर थिजतेय का. कुणालाही काही झालं नाही.

मग चाळिशीचा एक शेतकरी उठला. बोलायच्या आधी त्यानं दाराकडे पाहिलं. "आमच्या मंडळींला येती," तो म्हणाला. "धा वरसं झाली. आमी वहान हुंगवतो. त्ये चुकीचं हाय म्हनता. मंग करायचं काय, त्ये हातानं करून दावा."

मी फरशीवर आडवी झाले. दुसरं काही सुचलं नाही. त्याला सांगितलं, झटके थांबले असं समजा, आता मला कुशीवर वळवा. तो परक्या बाईला हात लावायला कचरत होता, तेव्हा शेजारची एक बाई पुढे आली, तिनं खांदा धरला आणि त्यानं गुडघा. पहिल्यांदा माझं डोकं फरशीवर आपटलं. बायका हसल्या. दुसऱ्या खेपेला जमलं. तिसऱ्यांदा त्यानं आपल्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या गालाखाली ठेवली.

मी उठून बसले तेव्हा दारात एक बाई उभी होती. बाहेरच्या पायरीवर बसून तिनं सगळं ऐकलं असावं. तो शेतकरी म्हणाला, "हीच ती." नंतर कळलं, तिचं नाव शेवंता आणि गर्दीत पडेन म्हणून ती कुठल्याही कार्यक्रमाला आत येऊन बसत नाही.

माणसं पांगल्यावर मी तिच्याशेजारी पायरीवर जाऊन बसले. समोर पाण्यावर ऊन होतं. ती बांगड्या मागे-पुढे करत होती.

"तुमी काल बगितलं म्हनता," ती म्हणाली. "त्या पोरीला."

"हो."

"मला धा वरसं येती. पन मला कायबी ठावं नसतं. जाग येती तवा समदी माज्याकडं बगत असत्यात. पोरं भिऊन कोपऱ्यात बसल्याली असत्यात. काय झालं म्हनून इचारलं तर कुनी सांगत न्हाई, मालक बी न्हाई. म्हन्त्यात, काय न्हाई, पड गप." तिनं आवाज आणखी खाली आणला. "लई वंगाळ दिसती का हो मी?"

मला खोटं बोलून तिला धीर द्यावासा वाटला. फिल्ममधला तो शांत आवाज मला सहज काढता आला असता.

"कुनी सांगितलंच न्हाई आजपातुर," ती म्हणाली. "तुमी सांगा. काय बी लपवू नगा."

मी तिचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगायला लागले. आधी हात उडतो, म्हणाले. मग तोंडातून एक आवाज येतो, पण तो ओरडण्याचा नसतो, छातीतली हवा बाहेर पडते त्याचा असतो. बघणाऱ्याला फार भीती वाटते. मलाही वाटली.

ती माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत ऐकत होती. मी थांबले की मान हलवून म्हणायची, "मंग?"